नितळ बिअरची शपथ

मंगळवार, २ सप्टेंबर

बिअर गढूळ आहे.

तळघरातून ग्लास भरून आणला, खिडकीशी धरला, तर समोरचं चर्च दिसेना. आमचं चर्च काही लहान नाही. कोमट असताना जरा बरी दिसते, गार केली की पुन्हा डबक्यासारखी होते.

रोसविथाने एक घोट घेतला आणि म्हणाली, "चवीला छान झालीय की!"

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही बाई विषय सोडून बोलते. चवीचं कोण विचारतंय? वाइडेनरॉइटच्या जत्रेत घरी केलेल्या बिअरची परीक्षा एकाच पद्धतीने होते. फादर कोर्बिनियान वर्तमानपत्रातलं शोकसंदेशांचं पान उघडतात, त्याच्यापुढे ग्लास धरतात आणि बिअरमधून जेवढं दिसेल तेवढं मोठ्याने वाचतात. मयताचं नाव वाचता आलं तर बिअर पास. जन्मतारीख वाचता आली तर उत्तम. गेल्या वर्षी बुर्कहार्टच्या बिअरमधून फादरनी अंत्यसंस्कारवाल्याचा फोन नंबरसुद्धा वाचला. माझ्या बिअरमधून "आमच्या लाडक्या" एवढंच वाचलं आणि ते चष्मा पुसायला लागले.

मी घरगुती बिअर मंडळाचा अध्यक्ष आहे. अध्यक्षाच्या बिअरमधून मयत ओळखू येऊ नये, ही शोभणारी गोष्ट नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

रोसविथाने बटाटे सोलता सोलता सांगितलं की लेओनहार्टचं घर विकलं गेलं. तो मुलीकडे हॅम्बुर्गला चाललाय, कायमचा. जत्रेचा रविवार झाला की मंगळवारी सामानाचा ट्रक येणार.

"मग?" मी म्हणालो.

"मग काही नाही. सांगितलं आपलं."

"त्याने जावं, राहावं, माझा काय संबंध?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि एका बटाट्याची साल इतकी जाड काढली की बटाटा निम्मा झाला.

या वहीत तरी सगळं नीट नोंदवून ठेवतो. लेओनहार्ट डॉटरवाइख हा आमच्या चर्चचा ऑर्गनवादक. आम्ही दोघं दर शनिवारी त्याच्या मागच्या खोलीत, त्याच्या तांब्याच्या मोठ्या हंड्यात बिअर करायचो. मंडळही आम्ही दोघांनीच काढलं. मंडळाचा एक रिवाज आहे. जत्रेत ज्याची बिअर पहिली येते त्याने पिंपावर हात ठेवून सगळ्या गावासमोर शपथ घ्यायची: या पिंपात पाणी, जव, हॉप्सची कडवट फुलं आणि यीस्ट यांखेरीज काहीही नाही. दोन वर्षांपूर्वी लेओनहार्ट पहिला आला. त्याने पिंपावर हात ठेवला आणि म्हणाला, "पाणी, जव, हॉप्स, यीस्ट, थोडी संत्र्याची साल आणि चिमूटभर धणे."

लोक हसले. मी हसलो नाही. कलम सात अगदी स्पष्ट आहे: या चार गोष्टींखेरीज काही घातलं तर सभासदत्व रद्द. मीच लिहिलंय. हात वर करून मतदान झालं आणि त्याला काढून टाकण्यात आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मीही त्याच्याशी बोलत नाही. धणे टाकायला बिअर म्हणजे काय भाजी आहे?

नोकरीत असताना मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात होतो. सख्ख्या मेहुण्याचं कुंपण नियमापेक्षा वीतभर उंच होतं, तेही उतरवायला लावलं. नियम माणूस बघून बदलत नाही.

त्याचं मला काही वाटत नाही. शनिवारी मात्र वेळ जात नाही, पण तो निवृत्तीचा प्रश्न आहे.

शनिवार, ६ सप्टेंबर

रोसविथाने आलुबुखारचा केक केला. मोठा थाळाभर. दुपारी पाहिलं तर अर्धा गायब. विचारलं, तर म्हणाली चर्चमधल्या गाण्याच्या कॉयरला नेला. कॉयरच्या बायका केकवर तुटून पडतात वाटतं. परत आली तेव्हा तिच्या स्वेटरला संत्र्याचा वास येत होता. नवीन साबण असेल.

बिअर अजून गढूळ. फिल्टरचा कागद वापरून पाहिला. कागद तुंबला, बिअर तशीच.

"अरे, जिलेटिन घाल की तिच्यात," रोसविथा म्हणाली.

मला वाटलं, माझ्या कानांत काही बिघाड झालाय. "काय घालू?"

"जिलेटिन. चमचाभर. गार पाण्यात भिजवायचं, मग गरम करायचं, पण उकळू द्यायचं नाही. गार बिअरमध्ये ओतायचं आणि हात लावायचा नाही. सगळा गाळ गोळा करून तळाला जाऊन बसतं. वरची बिअर काचेसारखी."

"आणि हे तुला कोणी शिकवलं?"

"कॉयरमध्ये बोलतात बायका."

बायका केकबद्दल बोलत असतील, हिने ते बिअरला लावलं. मी तिला शांतपणे समजावलं की जिलेटिन डुकराच्या कातडीपासून करतात. पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट या यादीत डुक्कर नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग गढूळ पी."

रविवार, ७ सप्टेंबर

केवळ शास्त्रीय कुतूहल म्हणून फडताळात पाहिलं. एक पाकीट सापडलं. काचेच्या भांड्यात थोडी बिअर घेऊन प्रयोग केला. प्रयोग म्हणजे वापर नव्हे.

सोमवार, ८ सप्टेंबर

भांड्यातली बिअर नितळ झाली! खिडकीशी धरली तर चर्चच्या घड्याळात किती वाजले ते दिसलं. मग एक घोट घेतला.

डुकराच्या डोक्याचं मांस जेलीत घालून रविवारी खातात, थेट तीच चव. मिरी, व्हिनेगर, मीठ, तमालपत्र, काही सुटलं नव्हतं. पाकीट पुन्हा नीट वाचलं. ते मांसाच्या जेलीचं तयार मसाल्याचं पाकीट होतं. रोसविथा हसता हसता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ तिला उठताच येईना. मी म्हणालो की भांड्यातली बिअर वाया गेली यात हसण्यासारखं काय आहे? तर ती म्हणाली, वाया कशाला, दुपारी ब्रेडबरोबर खाऊ.

तरीही नितळ झाली होती. ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

दुकानात गेलो. साध्या जिलेटिनची पातळ पानं मिळतात, पांढरी. कप्पा रिकामा होता.

"सप्टेंबरात नेहमीच संपतं हो, केस्टलरसाहेब," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "जत्रा जवळ आली की पुरतच नाही. आतून आणून देते."

म्हणजे जत्रेच्या आधी आमच्या गावात केक फार होतात. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं.

आणि तिथेच बुर्कहार्ट न्यूसलाइन भेटला, आमच्या मंडळाचा सचिव. त्याच्या टोपलीत जिलेटिनची पाच पाकिटं. मला पाहून तो इतका दचकला की एक खाली पडलं.

"चीजकेक," तो म्हणाला.

"छान," मी म्हणालो. त्याची बायको महिनाभरासाठी गुडघ्याच्या उपचाराला बाहेरगावी गेलीय. बिचारा एकटा, स्वतःच्या हाताने केक करून खातो. मला गलबलून आलं. त्याला जेवायला बोलवायला हवं.

"आणि तुमचं?" त्याने माझ्या पाकिटाकडे बघून विचारलं.

"चीजकेक," मी म्हणालो.

खोटं बोललो. पण सचिवासमोर अध्यक्षाने जिलेटिनचा खुलासा देणं हे कार्यपद्धतीला धरून झालं नसतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मनाला टोचणी लागून राहिली होती, म्हणून फादर कोर्बिनियानना गाठलं. ते बागेत सफरचंदं वेचत होते.

"फादर, एक सर्वसाधारण प्रश्न. शुक्रवारी मांस वर्ज्य. मग जिलेटिन मांसात धरायचं का?"

ते सावकाश सरळ झाले आणि माझ्याकडे बघत राहिले. "ओटमार, हे तू बिअरसाठी विचारतोयस का?"

"छे! केकसाठी."

"हं. या आठवड्यात केकबद्दल विचारायला बरेच जण येऊन गेले. मी सगळ्यांना एकच सांगितलं. देवाला तुमच्या केकमध्ये काय आहे ते आधीच ठाऊक असतं. त्याला ऐकायचं असतं ते तुम्ही काय सांगता ते." मग एक सफरचंद माझ्या हातात दिलं. "आणि लेओनहार्टला भेटलास का?"

गावात धर्मभावना वाढते आहे, ही समाधानाची गोष्ट. प्रश्न मात्र सुटला नाही. सफरचंद किडकं निघालं.

शनिवार, १३ सप्टेंबर

घातलं.

रोसविथाने सांगितलं तसंच केलं. उकळू दिलं नाही. पाणी तापत असताना मी भांड्यावर वाकून उभा होतो आणि मनात आलं, आज शनिवार. लेओनहार्ट असता तर म्हणाला असता, "साहेब, भांड्याला नोटीस बजावल्यासारखं काय बघताय?" तो नेहमी असंच काहीतरी बोलायचा. फार बोलायचा.

सोमवार, १५ सप्टेंबर

इतकी नितळ बिअर मी आयुष्यात पाहिली नाही. तळाशी चिकट साय बसलीय, सगळा गाळ तिच्यात. वरची बिअर दुसऱ्या पिंपात काढून घेतली, साय नालीत टाकली.

आणि टाकता टाकता मला उत्तर सापडलं. इतकं सोपं की मला माझंच हसू आलं. घर बांधताना परांची बांधतात. घर झालं की परांची उतरवतात. बांधकाम खात्यात इतकी वर्षं मी घरांचे नकाशे तपासले, एकाही नकाशात परांची दाखवलेली नव्हती, आणि कोणी त्याला खोटा नकाशा म्हटलं नाही. जिलेटिन म्हणजे परांची! जे पिंपात राहत नाही, ते पिंपात नाही.

इतक्या दिवसांनी आज भूक लागली. रोसविथाला हे सगळं समजावलं. तिने सूप ढवळता ढवळता ऐकलं आणि विचारलं, "आणि संत्र्याची साल? तीही गाळून टाकतात ना?"

मी म्हणालो, सालीची चव मागे राहते. नियम म्हणजे नियम.

"हो ना," ती म्हणाली आणि सुपात मीठ जास्त पडलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

मंडळाची सभा झाली. शुद्धतेवर बुर्कहार्ट फार छान बोलला. म्हणाला, आजकाल बिअरमध्ये लोक काय वाटेल ते घालतात, आंबा घालतात, कॉफी घालतात, पण वाइडेनरॉइटमध्ये अजून चारच गोष्टी आहेत. औषधांच्या दुकानाचा मालक टिलमान टेबलावर मूठ आपटून "चारच!" म्हणाला. सगळ्यांनी ग्लास वर केले. सगळ्यांची बिअर काचेसारखी नितळ होती. अशा माणसांच्या मंडळाचा आपण अध्यक्ष आहोत, या विचाराने छाती भरून आली. आणि मी एकटाच परांचीवाला, म्हणून थोडं अपराधीही वाटलं.

सभेनंतर बुर्कहार्टला जेवायला बोलावलं. केक आणू नकोस म्हणालो, थकला असशील. तो विचित्र नजरेने बघायला लागला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

टपाल टाकायला गेलो होतो. लेओनहार्टच्या घरावरून गेलो. पोस्टाची पेटी दुसऱ्या दिशेला आहे, पण चालणं तब्येतीला चांगलं.

ओसरीवर खोकी रचलेली. दार उघडं होतं आणि आत तो तांब्याचा हंडा जुन्या चादरीत गुंडाळत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. आवळलेली दोरी पुन्हा सुटत होती. दोरी धरायला दुसरं माणूस लागतं, एकट्याने ते होत नाही.

मी कुंपणाशी थोडा वेळ उभा राहिलो. कुंपणाची उंची नियमाप्रमाणे आहे.

मग घरी आलो.

रविवार, २१ सप्टेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहायचं आहे. जमेल की नाही माहीत नाही.

सकाळी प्रार्थना झाली, मग चौकात बॅन्ड, भाजलेली सॉसेजेस, पोरांचा पाळणा, नेहमीचं सगळं. दुपारी फादर शोकसंदेशांचं पान घेऊन मंचावर आले. आधी टिलमानची बिअर. फादरनी नाव आणि जन्मतारीख वाचली. मग बुर्कहार्टची. नाव, तारीख, चर्च, अंत्यविधीची वेळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग माझी.

फादरनी ग्लास धरला आणि वाचत सुटले. नाव, तारीख, नातवंडांची नावं, "फुलांऐवजी अनाथालयाला देणगी द्यावी," फोन नंबर, आणि अगदी तळाला छापखान्याचं नाव, जे साध्या डोळ्यांनाही दिसत नाही. चौकात एकच जल्लोष झाला. मयताची भाची गर्दीत उभी होती, तिनेही टाळ्या वाजवल्या. रोसविथा मात्र वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

पिंप मंचावर आणलं. मी हात ठेवला. लाकूड थंडगार होतं. बुर्कहार्टने शपथेचा कागद पुढे धरला, जणू मला तो पाठ नाही. मी म्हणालो, "या पिंपात पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट यांखेरीज काहीही नाही."

इथे थांबायला हवं होतं. सगळे इथेच थांबतात. पण आयुष्यभर मी एकाही कागदावर अर्धवट माहितीवर सही केलेली नाही. हात पिंपावर होता आणि जीभ आपोआप पुढे गेली.

"स्पष्टीकरण," मी म्हणालो. "सदर बिअर स्वच्छ करण्याकरिता जिलेटिन वापरण्यात आलं. ते तळाशी बसल्यावर काढून टाकण्यात आलं आहे. ज्याप्रमाणे परांची हा इमारतीचा भाग नसतो, त्याप्रमाणे जिलेटिन हा बिअरचा भाग नाही. मंडळाने तशी नोंद घ्यावी."

बॅन्डमधला तुतारीवाला मध्येच थांबला. मला वाटलं, आता सगळे माना डोलावतील. मुद्दा इतका स्वच्छ होता.

बुर्कहार्टचा चेहरा पांढराफटक पडला. टिलमान स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. मागून कोणीतरी ओरडलं, "जिलेटिन? म्हणजे डुक्कर का रे?" आणि एक बाई म्हणाली, "अगं बाई, अध्यक्षच!"

"कलम सात," बुर्कहार्ट म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता. "वाईट वाटतंय ओटमार, पण कलम सात."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "मतदान घ्या."

मंडळातल्या सगळ्यांचे हात इतक्या झटकन वर गेले की त्यांच्या तत्त्वनिष्ठेचं मला कौतुकच वाटलं. अध्यक्ष म्हणून मतं मीच मोजली. मीही हात वर केला. कलम माझंच होतं.

मग पहिला नंबर बुर्कहार्टला गेला. त्याने पिंपावर हात ठेवला आणि पापणी न लववता शपथ घेतली. इतकी शुद्ध बिअर, आणि इतकी नितळ. हे त्याला कसं जमतं, देव जाणे.

मी मंचावरून उतरलो. लोक बाजूला झाले, जसे गटारातून आलेल्या माणसापासून होतात. आणि त्या शांततेत मागून कोणीतरी हसत होतं. खोकल्यासारखं, घरघरत, अडखळत. असं हसणारा सबंध जिल्ह्यात एकच माणूस आहे. शेवटच्या रांगेत, झाडाला टेकून, टोपी तोंडावर धरून.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"परांची!" लेओनहार्ट म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अरे देवा. परांची!"

"मला काढून टाकलं," मी म्हणालो.

"बघितलं की. स्वतःच्या विरुद्ध मत देणारा पहिलाच माणूस बघितला." त्याने डोळे पुसले. "चल घरी. इथे आपल्याला कोणी बिअर देणार नाही."

त्याच्या स्वयंपाकघरात खोक्यांखेरीज काही उरलं नव्हतं. आम्ही दोन खोक्यांवर बसलो. तो म्हणाला, "ओटमार, खरं सांग. बुर्कहार्टची बिअर कशी नितळ होते असं तुला वाटतं?"

"त्याचा हात चांगला आहे. बिचारा बायको नसताना केकसुद्धा स्वतः करतो. पाच पाकिटं जिलेटिन एकट्याने घरी नेत होता."

लेओनहार्टने माझ्याकडे पाहिलं. मग कपाळ गुडघ्यांवर टेकवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही. तू आहेस तसाच राहा."

मग त्याने बाटली उघडली. संत्र्याची साल आणि धणे. ज्या बिअरवरून मी त्याला काढलं होतं, ती मी कधी चाखली नव्हती. मतदान चव घेऊन करायचं नसतं. ग्लासात ओतली तर चिखलासारखी दिसत होती. त्यातून वर्तमानपत्र सोडाच, माझं बोटही दिसत नव्हतं.

एक घोट घेतला. त्याची नजर माझ्यावरून हटत नव्हती.

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. मंगळवारी तो जाणार. दोन वर्षांनी त्याने मला खोक्यावर का होईना, बसवलं होतं.

"लेओनहार्ट," मी म्हणालो, "ही भयंकर आहे."

"किती?"

"फरशी पुसायचं पाणी प्यायल्यासारखं वाटतंय. धणे फार झालेत. सालीचा पांढरा भागही काढला नाहीस तू, म्हणून कडू लागतेय. आणि हॉप्स शेवटी घातलेस ना? किती वेळा सांगितलंय तुला!"

त्याने ग्लास खाली ठेवला. त्याचा चेहरा बदलत गेला आणि मला वाटलं, आता हाही मला घालवून देणार.

"दोन वर्षं," तो म्हणाला, "दोन वर्षं मी लोकांना ही पाजतोय. तुझी रोसविथा म्हणते, छान आहे. मुलगी म्हणते, छान आहे बाबा. फादर दोन ग्लास प्यायले आणि मला आशीर्वाद दिला. मला जिभेवर कळत होतं की काहीतरी चुकतंय. पण विचारणार कोणाला? ज्याने नाक मुरडून सांगितलं असतं, त्याने मला काढून टाकलं होतं."

मी ग्लास उचलला आणि उरलेली संपवली.

रोसविथा तिथे येते, हे मला आजच कळलं. तो साबण नव्हता.

सोमवार, २२ सप्टेंबर

जत्रेच्या सोमवारी सगळं गाव झोपलेलं असतं. आम्ही हंडा चादरीतून बाहेर काढला आणि बिअर करायला घेतली. लेओनहार्टने विचारलं, "कशाला? उद्या मी नाही. तयार होईपर्यंत नोव्हेंबर उजाडेल." मी म्हणालो, "हॉप्स तोल." त्याने तोलले.

दिवसभर भांडलो. तो म्हणाला साल हवी, मी म्हणालो मुळीच नको. शेवटी एका संत्र्याची साल, पांढरा भाग काढून, धणे नाहीत, असा तह झाला. मी स्वतः साल किसली. रोसविथा केक घेऊन आली, दारात थांबली, आम्हाला ओरडताना ऐकलं आणि केक खोक्यावर ठेवून काही न बोलता निघून गेली. तिचे डोळे लाल होते. वाफेने असेल.

हंडा उतरवताना एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने मी. "सांभाळ, साहेब," तो म्हणाला. मी सांभाळला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

ट्रक सकाळीच आला. हमालांनी भराभर सगळं चढवलं. हंडा मात्र तो म्हणाला, राहू दे, तुझ्या तळघरात ठेव, तिथे फ्लॅटमध्ये कुठे ठेवू? पिंपही माझ्या तळघरात आलं, आत बिअर हळूहळू फसफसतेय.

त्याची मुलगी उटे गाडी घेऊन आली होती. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला. मग तो पुढच्या सीटवर बसला, काच खाली केली.

"तयार झाली की फोन कर. कशी झालीय ते सांग."

"सांगेन, छान झालीय."

"असं सांगणारे हॅम्बुर्गमध्येही मिळतील, ओटमार," तो म्हणाला. "तू मला खरं काय ते सांग."

गाडी सुरू झाली. मी हात वर केला, मतदानाला करतात तसाच; वेगळा कसा करायचा ते मला सुचलं नाही. तोही हात बाहेर काढून हलवत होता. गाडी चौकातून वळली, पुलावरून गेली, आणि पलीकडच्या झाडांत दिसेनाशी झाली.

तेव्हा मी म्हणालो, "जाऊ नकोस."

मोठ्याने म्हणालो. समोरच्या घरातली बाई खिडकी उघडून बघायला लागली. मी पुन्हा म्हणालो.